अग्निचिकित्सेचा इतिहास आणि लोहाचे सूक्ष्मकण

नारायणगड हें नांव मराठवाड्याबाहेरील वाचकांच्या कानावरून फारसें गेलें नसेल. परंतु बीडच्या परिसरांतील वारकरी त्यास 'धाकटी पंढरी' म्हणतात. नगद नारायण महाराजांचें हें स्थान. ज्यांस पंढरपुरास जाणें घडत नाहीं, ते येथें येऊन माथा टेकतात व समाधान पावतात. कार्तिकांतील एका एकादशीस आम्ही तेथें गेलों होतों. माणसें पुष्कळ होतीं, पण त्यांत तरुण थोडीं. दसरा उलटला कीं ह्या टापूंतील हजारों जोडपीं कोयते घेऊन साखर कारखान्यांच्या मुलुखांत ऊसतोडीस जातात, आणि गांवांत म्हातारीकोतारीं तेवढीं मागें राहतात.

दर्शन आटोपून सावलींत बसलों असतां, आम्ही महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकवितों हें कोणाकडून तरी कळल्यामुळें एक वृद्ध वारकरी जवळ सरकला आणि त्यानें विचारलें, "सर, लोखंडाची भुकटी टोचून क्यान्सरची गाठ आतल्या आत जाळत्यात म्हणं. पेपरात आलं होतं. खरं हाय का?" प्रयोग चालू आहेत, गोष्ट खरी आहे, असें आम्हीं सांगितलें. तो क्षणभर गप्प राहिला व म्हणाला, "मग आमच्या सुनेची पिशवी उगंच काढली म्हणायची."

सुनेचें वय तेव्हां अठ्ठावीस होतें. अंगावरून जाण्याचा त्रास होता. तपासणी म्हणावी अशी झाली नाहीं; पिशवी ठेवली तर क्यान्सर होईल, एवढें ऐकवून तिचें गर्भाशय काढण्यांत आलें, आणि त्यासाठीं मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यास दोन हंगाम गेले. "पण क्यान्सर होता का?" असें आम्हीं विचारलें. "ते कुणी सांगितलंच न्हाई," असें त्याचें उत्तर.

उष्णतेनें रोग नष्ट करण्याचा इतिहास आम्हीं वर्गांत अनेकदां सांगितला आहे. त्या दिवशीं गड उतरतांना मात्र असें वाटलें कीं, आजवर आम्ही तो अर्धाच सांगत आलों. अग्नि कसा लावावा ह्याच्या इतिहासाबरोबर, तो कोठें लावावा हें मनुष्यास कसें कळत गेलें, ह्याचाही इतिहास सांगितला पाहिजे. प्रस्तुत लेखांत हे दोन्ही धागे एकत्र घेण्याचा विचार आहे.

अग्नीची चिकित्सा आपणांस नवी नाहीं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत बारावा अध्याय सर्वस्वी अग्निकर्मास वाहिलेला आहे. त्यांत कोणत्या खोलीवरील रोगास कोणतें साधन वापरावें ह्याचा विचार आलेला पाहून आधुनिक वाचकासही कौतुक वाटेल. त्वचेपुरत्या दाहास पिंपळी, शेळीची लेंडी, गाईचा दांत अशा वस्तु तापवाव्या. मांसापर्यंत पोहोंचावयाचें असल्यास धातूंच्या शलाका घ्याव्या. आणि शिरा, स्नायु, सांधे व हाडें ह्यांसाठीं मध, गूळ व स्निग्ध द्रव्यें तापवून योजावीं, असा हा क्रम आहे. शरद् व ग्रीष्म ह्या ऋतूंत, निकड नसल्यास, हें कर्म करूं नये असाही निर्बंध घातला आहे. ग्रीसमध्यें हिपोक्रेटिसाच्या नांवावर चालत आलेल्या वचनांतही औषध, शस्त्र व अग्नि अशी चढती पायरी सांगून, अग्नीसही न जुमानणारा रोग असाध्य समजावा असा निष्कर्ष काढलेला आहे.

ह्या शास्त्राचा खेड्यापाड्यांत उरलेला अवशेष म्हणजे डागणी. पोट दुखलें, डाग द्या. कावीळ झाली, डाग द्या. मूल रडूं लागलें, बिब्बा घाला. आमच्या पिढींतील पुष्कळांच्या पोटावर अशा खुणा अजून सांपडतील. सुश्रुताचा विवेक गळून गेला आणि तापलेली सळई तेवढी उरली. परंतु सुश्रुताचा अग्नि काय किंवा गांवच्या वैदूची सळई काय, दोहोंस मर्यादा एकच होती. डोळ्यांस जें दिसतें व हातास जें लागतें तेथेंच अग्नि नेतां येत असे. शरीराच्या आंत, यकृतांत किंवा मेंदूंत, वाढणाऱ्या गांठीपर्यंत बाह्य शरीर न जाळतां पोहोंचण्याची वाट कोणासच ठाऊक नव्हती.

एकोणिसाव्या शतकांत ही वाट अनपेक्षित ठिकाणीं दिसली, ती ज्वरांत. १८६६ सालीं जर्मनींतील बुश नामक शस्त्रवैद्यानें असें नमूद केलें कीं, एका स्त्रीच्या चेहऱ्यावरील मारक गांठ, तिला विसर्प म्हणजे धांवरें होऊन जोराचा ताप आल्यावर, विरून गेली. पुढें १८९१ पासून न्यूयॉर्कच्या विल्यम कोली ह्यानें रोग्यांस मुद्दाम जंतु टोचून ताप आणण्याचा धाडसी उद्योग आरंभिला. कांहीं रोगी बरे झाले, कांहीं त्या तापानेंच गेले. त्या यशांत उष्णतेइतकाच, किंबहुना अधिक वांटा शरीराच्या प्रतिकारशक्तीचा होता, हें पुढें उमगलें. १८९८ सालीं स्वीडनमधील वेस्टरमार्क ह्यानें ज्वराची वाट सोडून सरळ कढत पाण्याचा आश्रय केला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर त्यानें गरम पाणी खेळविलेल्या नळ्यांनीं ४२ ते ४४ अंशांपर्यंत शेक दिला, आणि कांहीं गांठी आटल्याचें त्यास आढळलें. वारकऱ्याच्या सुनेस ज्या रोगाची भीति घालण्यांत आली, त्याच अवयवाच्या रोगावर हा प्रयोग झाला होता, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

एवढ्या मंद उष्णतेनें गांठ कां मरावी? ४३ अंशांच्या आसपास पेशी जळत नाहीं. परंतु तिच्या अंगचीं प्रथिनें विस्कटूं लागतात आणि झालेली मोडतोड दुरुस्त करण्याची तिची शक्ति क्षीण होते. गांठींतील रक्तवाहिन्या वेड्यावांकड्या व अपुऱ्या असल्यामुळें तेथील उष्णता रक्ताबरोबर लौकर वाहून जात नाहीं. अशा वेळीं क्षकिरण दिले तर त्यांचा घाव दुप्पट बसतो. हॉलंडमधील वैद्यांनीं २००० सालीं प्रसिद्ध केलेली परीक्षा ह्या बाबतींत नमुनेदार आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग बराच वाढलेल्या स्त्रियांपैकीं केवळ किरणोपचार झालेल्या २७ टक्के स्त्रिया तीन वर्षांनीं हयात होत्या. किरणांस बाहेरून दिलेल्या उष्णतेची जोड मिळालेल्यांत हेंच प्रमाण ५१ टक्के भरलें. तेव्हां उष्णता उपयोगी आहे हें सिद्ध झालें. अडचण एवढीच कीं, बाहेरून दिलेली ऊब वाटेंतील निरोगी शरीरासही लागते आणि खोलवर ती नेमकी किती पोहोंचली हें मोजणें कठीण पडतें.

ह्या अडचणींतून लोहकणांची कल्पना जन्मली. १९५७ सालीं शिकागो येथील गिलख्रिस्ट व त्याचे सहकारी ह्यांनीं लोहाच्या गंजाचे अतिसूक्ष्म कण कुत्र्यांच्या शरीरांत टोचले. ते लसीकाग्रंथींत जाऊन बसले. मग बाहेरून वेगानें उलटसुलट होणारें चुंबकीय क्षेत्र लावतांच त्या ग्रंथि तेवढ्या तापल्या. कर्करोगाची गांठ काढली तरी त्याचें बीज जवळच्या ग्रंथींत दडून राहतें, तें तेथेंच भाजून काढावें, हा हेतु होता. चुंबकीय क्षेत्र मांसांतून जवळजवळ बिनअडथळा जातें. तापतो तो लोहकण. अग्नि आंत नेण्याऐवजीं केवळ इंधन आंत नेऊन ठेवावें आणि काडी बाहेरून ओढावी, असा हा प्रकार आहे.

आज घरोघरीं विजेची 'इंडक्शन' चूल आहे. तिच्यावर हात भाजत नाहीं, भांडें तापतें, हें गृहिणींच्या परिचयाचें आहे. तेथें भांड्याच्या बुडांत फिरणारे विजेचे भोंवरे उष्णता निर्माण करतात. लोहकणांची रीत वेगळी आहे, आणि ती समजण्यास आपणांस १९४९ सालच्या एका फ्रेंच निबंधाकडे वळलें पाहिजे. लुई नेएल ह्या पदार्थवैज्ञानिकास भाजलेल्या मातींतील चुंबकत्वाचें कोडें पडलें होतें. आव्यांत भाजलेल्या मडक्या-विटांत लोहाचे बारीक कण असतात, आणि थंड होतांना ते पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा धरून ठेवतात. नेएलनें गणितानें असें दाखविलें कीं, कण फार लहान झाला कीं तो ही दिशा धरून ठेवूं शकत नाहीं. सभोंवारच्या उष्णतेच्या धक्क्यांनींच त्याचें चुंबकत्व इकडून तिकडे उलटत राहतें. अशा कणावर उलटसुलट क्षेत्र लावलें तर त्याचें चुंबकत्व त्या क्षेत्रामागें धांवतें, पण किंचित् मागें पडतें. ह्या मागें पडण्यांत जी शक्ति खर्ची पडते तीच उष्णतेच्या रूपानें बाहेर येते. क्षेत्र काढून घेतलें कीं कण निश्चुंबक होतात, एकमेकांस चिकटून गोळा होत नाहींत. म्हणूनच ते शरीरांत सोडण्यास योग्य ठरतात. चुंबकत्वावरील मूलभूत कार्याबद्दल नेएलला १९७० सालीं नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. मडक्याचा अभ्यास कर्करोगाच्या कामीं येईल, असें त्याच्या निबंधाच्या पहिल्या वाचकांच्या स्वप्नांतही आलें नसावें.

ह्या कणांच्या लहानपणाची कल्पना यावी म्हणून एक हिशेब देतों. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर प्रत्येक भाग एक नॅनोमीटर होतो. चिकित्सेस योग्य अशा लोहकणाचा व्यास साधारण दहा-पंधरा नॅनोमीटर असतो. तांबड्या रक्तपेशीचा सुमारें सात हजार. म्हणजे एका रक्तपेशीच्या रुंदींत असे पांचशें कण ओळीनें बसतील. ह्यांसच हल्लीं नॅनोकण म्हणतात.

आतां दुसरा धागा हातीं घेऊं. शरीर न चिरतां आंत पाहण्याची विद्या १८९५ सालीं राँटगेनच्या क्षकिरणांनीं सुरू झाली. हाडें दिसूं लागलीं. मऊ अवयव मात्र बहुतेक सावलींतच राहिले. १९७३ सालीं पॉल लॉटरबर ह्यानें चुंबकीय अनुनादावरून चित्र उमटविण्याची युक्ति प्रसिद्ध केली, आणि तिच्यांतून एम्. आर्. आय्. हें आज सर्वांस ठाऊक असलेलें यंत्र निघालें. हें यंत्र शरीरांतील पाण्याच्या अणूंचा चुंबकीय प्रतिसाद टिपतें. जेथें लोहकण असतो तेथें आसपासचें क्षेत्र बिघडतें व चित्रांत ती जागा काळी पडते. ह्या दोषाचाच वैद्यांनीं गुण केला. निरोगी यकृतांतील सफाईकामगार पेशी रक्तांतील असे कण गिळून टाकतात; गांठींत त्या पेशी नसतात. म्हणून कण टोचल्यावर निरोगी यकृत काळवंडतें आणि गांठ उजळ उठून दिसते. अमेरिकेंत १९९६ सालीं अशा एका औषधास मान्यता मिळाली. पुढें खप नसल्यानें तें बाजारांतून गेलें. २००५ सालीं हांबुर्ग येथील ग्लाइश व वाइत्सेनेकर ह्यांनीं तर खुद्द कणांचेंच चित्र घेण्याची स्वतंत्र पद्धति मांडली. तिच्यांत शरीर दिसत नाहीं, फक्त लोहकण कोठें आहेत तें दिसतें.

पाहणें व तापविणें हीं दोन्ही कामें एकाच कणानें व्हावीं, ही कल्पना किती मोहक आहे हें सांगावयास नको. प्रत्यक्षांत काय घडलें? बर्लिन येथें आंद्रेआस योर्डान व सहकाऱ्यांनीं १९९० नंतर हा विषय नेटानें पुढें नेला. मेंदूंतील सर्वांत क्रूर समजल्या जाणाऱ्या व पुन्हा उलटलेल्या गांठींत लोहकण टोचून, दर सेकंदास एक लक्ष वेळां उलटणारें क्षेत्र लावण्यांत आलें; जोडीस किरणोपचार होते. युरोपांत ह्या उपचारास २०१० सालीं परवानगी मिळाली, आणि २०११ सालीं ५९ रोग्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. रोग उलटल्यापासून निम्मे रोगी सुमारें साडेतेरा महिने जगले. ह्या रोगांत इतरत्र दिसणाऱ्या अवधीहून हा अधिक होता. परंतु तुलनेसाठीं उपचाराविना ठेवलेला दुसरा गट त्यांत नव्हता. शिवाय दांतांत धातूचें भरण असेल तर तें आधीं काढावें लागे, कारण तेंही तापणार. आणि सर्वांत मौजेची गोष्ट ही कीं, तापविण्यापुरते कण एकदां मेंदूंत भरले म्हणजे एम्. आर्. आय्.च्या चित्रांत तेथें नुसता काळा डाग उमटे, आणि गांठ वाढली कीं आटली तें पाहण्यास दुसऱ्या यंत्राकडे जावें लागे. थोडा कण डोळ्यांस अंजनासारखा, पुष्कळ कण झापडासारखा! हें साहित्य बनविणाऱ्या जर्मन कंपनीनें २०२२ सालीं दिवाळखोरी जाहीर केली. संशोधन थांबलेलें नाहीं. परंतु वर्तमानपत्रांच्या मथळ्यांवरून जें तयार औषध भासतें, तें अद्याप वाटेवर आहे.

महाराष्ट्रही ह्या वाटेवर मागें नाहीं. पवई येथील आय्. आय्. टी.मध्यें प्राध्यापक धीरेंद्र बहादूर व त्यांचे शिष्य ह्यांनीं ह्या कणांवर दीर्घकाळ काम केलें. तुर्भ्याचें भाभा अणुसंशोधन केंद्र, कोल्हापूरचीं विद्यापीठें आणि आमच्या मराठवाड्यांतील डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यापीठाचा पदार्थविज्ञान विभाग, ह्यांतूनही लोहाच्या व इतर धातूंच्या अशा चुंबकीय संयुगांवर निबंध निघत आहेत. ह्यांपैकीं एक कल्पना तर फार सुरेख आहे. प्रत्येक चुंबकीय पदार्थाचें चुंबकत्व एका ठराविक उष्णतामानास नाहींसें होतें. लँथनम, स्ट्राँशियम व मँगनीज ह्यांच्या मिश्र ऑक्साइडांत घटकांचें प्रमाण बदलून ही मर्यादा हवी तेथें आणतां येते. ती पंचेचाळीस अंशांच्या आसपास ठेवली तर कण तेथवर तापेल आणि मग आपोआप थांबेल. अग्नीनें स्वतःच स्वतःस आवर घालावा तसें. लोहकणांचा आणखी एक गुण असा कीं, काम संपल्यावर शरीर त्यांस हळूहळू विरघळवून त्यांतील लोह रक्तासाठीं वापरतें. अशाच एका लोहकणास अमेरिकेंत २००९ सालीं पंडुरोगावरील औषध म्हणून मान्यता मिळाली.

येथें आपल्याकडे वारंवार ऐकूं येणाऱ्या एका विधानाचा परामर्श घेणें प्राप्त आहे. लोहभस्म व सुवर्णभस्म हे नॅनोकणच होत, सबब आपल्या पूर्वजांस हें सर्व अवगत होतें, असें म्हणणारे विद्वान् पुष्कळ भेटतात. भस्मांत अतिसूक्ष्म कण आढळतात हें खरें आहे, आणि पुटावर पुट देऊन धातूस इतकें बारीक करणाऱ्या रसवैद्यांचें कौशल्यही वादातीत आहे. परंतु लहान असणें निराळें आणि तें मोजून, निवडून, एका कामास जुंपणें निराळें. मायकेल फॅरडेनें १८५७ सालीं सोन्याचे असेच कण पाण्यांत तरंगवून त्यांचा माणकासारखा रंग त्यांच्या बारीकपणामुळें येतो असें प्रतिपादिलें. त्यानेंही चिकित्सेचा दावा केला नाहीं. पूर्वजांचा मान राखावयाचा तर सुश्रुताची खोली ओळखण्याची दृष्टि घ्यावी. तीच आपण डागणींत हरवून बसलों.

आतां पुन्हा आमच्या मुलुखाकडे येऊं. मुंबईस टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. बीडच्या शेजारीं बार्शीस नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे, आणि तेथें १९८७ सालीं देशांतील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. ह्याच संस्थांनीं, जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या साहाय्यानें, उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांत १९९९ पासून एक विस्तीर्ण परीक्षा केली. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया तींत सामील होत्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणारा विषाणु आहे कीं नाहीं, ह्याची आयुष्यांत केवळ एकदां तपासणी केलेल्या गटांत, आठ वर्षांत ह्या रोगानें ३४ स्त्रिया दगावल्या. नेहमींच्याच व्यवस्थेवर सोडलेल्या गटांत ६४. ह्या दुसऱ्या गटास तपासणीविना ठेवणें न्याय्य होतें काय, ह्यावर पुढें तीव्र टीका झाली, आणि ती टीका आम्हांसही रास्त वाटते. परंतु निष्कर्ष निर्विवाद आहे. हा रोग वेळीं पाहिला तर थांबतो. आणि थांबविण्यास फार मोठें यंत्रही लागत नाहीं. विजेनें शंभर अंशांपर्यंत तापविलेलें एक टोक मिनिटभराच्या आंतबाहेर गर्भाशयमुखास लावून पूर्वावस्थेंतील रोग नष्ट करतां येतो; जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं ह्या पद्धतीसंबंधीं मार्गदर्शन प्रसिद्ध केलें. हें अग्निकर्मच आहे. पण आधीं पाहून, मग केलेलें.

त्याच २०१९ सालीं शासनानें नेमलेल्या समितीपुढें बीड जिल्ह्याचे आंकडे आले. पाहणी झालेल्या सुमारें ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकीं १३ हजारांहून अधिक स्त्रियांचीं गर्भाशयें काढलेलीं होतीं. पाळीच्या दिवसांत मजुरी बुडूं नये, खाडा पडून दंड होऊं नये, हीं कारणें त्यांत होतीं. आणि क्यान्सरची घातलेली भीतिही होती. त्यानंतर जिल्ह्यांत खासगी रुग्णालयांस अशा शस्त्रक्रियेपूर्वीं जिल्हा शल्यचिकित्सकांची अनुमति घेण्याचा निर्बंध आला. एका बाजूस दहा नॅनोमीटरचा कण गांठीपर्यंत नेऊन शेजारच्या निरोगी पेशीसही धक्का लागूं नये म्हणून शास्त्रज्ञ झटत आहेत. दुसऱ्या बाजूस रोग आहे कीं नाहीं हें न पाहतां अवघा अवयव काढून टाकला जात होता. ह्या दोन गोष्टी एकाच प्रांतांत, एकाच काळांत घडल्या. पुढील इतिहासकारानें ह्या दोहोंची नोंद शेजारीं शेजारींच करावी.

त्या वारकऱ्यास आम्हीं गडावर पुरतें उत्तर दिलें नव्हतें. तें येथें देतों. बाबा, लोखंडाच्या भुकटीची बातमी खरी आहे. पण तिच्या अभावीं तुमच्या सुनेचें नुकसान झालें असें समजूं नका. तिला हवी होती ती शंभर कोसांवरची विद्या नव्हे. एक तपासणी, तिचा कागद, आणि त्या कागदावर काय लिहिलें आहे हें तिला बसवून सांगणारें माणूस, एवढेंच पाहिजे होतें. तें बार्शीपर्यंत पोहोंचलेलें होतें. तुमच्या गांवापर्यंत आलें नाहीं. तुमच्या नाती मोठ्या होतील तेव्हां लोहकणांचा उपचार कदाचित् सिद्ध झालेला असेल, कदाचित् नसेल. त्यांच्या तपासणीसाठीं मात्र त्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. ऊसतोडीस निघण्यापूर्वीं ती करून घ्या, आणि कागद मागून घ्या.